लास व्हेगास + झायन + ब्राइस + ग्रँड कॅन्यन: आई आणि दोन मुलांसह ११ रात्री, प्लॅन तपासून द्याल का?

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आता प्रश्न घेऊन आलेय. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भारतातून पहिल्यांदाच अमेरिकेला जातोय. मी, नवरा, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ चा आणि माझी आई. आई ६८ ची आहे, डाव्या गुडघ्याचा त्रास आहे, सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालते पण पायऱ्या नको म्हणते. नवऱ्याला शहर हवं, मला आणि मुलीला डोंगरदऱ्या, म्हणून एक शहर आणि आसपासची नॅशनल पार्क्स असं ठरवलं आणि लास व्हेगास धरलं, कारण नकाशावर सगळं तिथून जवळ दिसतंय.

आत्ताचा प्लॅन असा: पहिल्या दिवशी व्हेगासला उतरणं, दुसऱ्या दिवशी डेथ व्हॅली करून परत, तिसऱ्या दिवशी झायन, चौथ्या दिवशी सकाळी ब्राइस बघून रात्री पेज गावात, पाचव्या दिवशी अँटिलोप कॅन्यन (लाल खडकातली अरुंद घळ) आणि हॉर्सशू बेंड (नदीचं नालेच्या आकाराचं वळण) करून ग्रँड कॅन्यन, सहाव्या दिवशी परत व्हेगास, सातव्या दिवशी लॉस एंजेलिस, तिथे तीन दिवस मुलांसाठी थीम पार्क्स, मग शेवटची रात्र व्हेगासमध्ये आणि परतीचं विमान. गाडी भाड्याने घेणार, चालवणार फक्त नवरा, मला उजव्या बाजूने चालवायचा धीर नाही. विमानाची तिकिटं झालीयेत, बाकी काहीच बुक नाही. खरंखरं सांगा, जमेल का? आईला झेपेल का?

वाटसरू

ताई, जमेल, पण तुम्ही अमेरिका गाडीच्या काचेतूनच बघाल. मी हा लूप तीनदा केलाय, एकदा मित्रांबरोबर आणि दोनदा घरच्यांना घेऊन, म्हणून अंतरं सांगतो. व्हेगास ते झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल गाव साधारण २६० किमी, अडीच तास. झायन ते ब्राइस १३५-१४० किमी, दोन तास. ब्राइस ते पेज अडीच-तीन तास. पेज ते ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दरीचा दक्षिणेकडचा कडा) अडीच-तीन तास. साउथ रिम ते व्हेगास साडेचार तास, साडेचारशे किमी. म्हणजे नुसता लूपच १३०० किमीच्या आसपास होतो, आणि त्यावर तुम्ही लॉस एंजेलिसला जाऊन-येऊन आणखी साडेआठशे किमी टाकताय, तेही एकाच ड्रायव्हरवर, जो आयुष्यात पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवणार आहे.

लॉस एंजेलिस काढून टाका. डेथ व्हॅलीही काढा, मे महिन्यात तिथे दुपारचं तापमान सरासरी ३८ सेल्सिअसच्या घरात असतं, आईंना आणि लहान मुलाला गाडीतून उतरवणार नाही. मग जे दिवस मोकळे होतील ते पार्कांच्या दारात राहण्यात घाला. दारात राहणं म्हणजे काय ते एकदा अनुभवलं की कळतं: सकाळी सहाला पाच मिनिटांत आत, दुपारी ऊन झालं की खोलीवर झोप, संध्याकाळी पुन्हा आत. लांबून येणारा माणूस नेमका अकरा वाजता, उन्हात आणि गर्दीत पोचतो आणि म्हणतो पार्क काही खास नाही.

मोगरा

वाटसरूंना पूर्ण अनुमोदन. आम्ही पहिल्या वेळी सात दिवसांत पाच पार्क्स केली होती. फोटो भरपूर आहेत पण मुलाला आज विचारलं तर त्याला फक्त मोटेलचा स्विमिंग पूल आठवतो.

आईंसाठी एक सांगते. ब्राइसचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर आहे (महाबळेश्वर साडेचार हजार आहे, त्यावरून अंदाज घे), तिथे नेहमीपेक्षा लवकर धाप लागते, तेव्हा रक्तदाब वगैरे असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून घे. साउथ रिमही सात हजार फूट आहे. आणि थंडी! मे महिना म्हणून सुती कपडे भरू नकोस, व्हेगासला ३२-३३ सेल्सिअस असताना ब्राइसला पहाटे शून्याच्या आसपास असू शकतं. प्रत्येकाला एक जाड जॅकेट, कानटोपी. एकाच बॅगेत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही भरायचे.

ओंजळ

बापरे, अंतरं बघून नवरा गप्पच झालाय. लॉस एंजेलिस रद्द, मुलगी थोडी रुसली पण तिला झायनमधल्या नॅरोजचे (नदीच्या अरुंद घळीचे) फोटो दाखवले तर खूश झाली. डेथ व्हॅलीही रद्द. आता दोन प्रश्न. एक, व्हेगास आधी ठेवू की शेवटी? दोन, पार्कांच्या प्रवेश पासचं काय, कोणी म्हणतं ८० डॉलर, कोणी म्हणतं २५०.

रानपाखरू

पासचं मी सांगते कारण यात बरेच जण जुनी माहिती देतायत. १ जानेवारी २०२६ पासून नियम बदललाय. ८० डॉलरचा वार्षिक पास आता फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, बाहेरून येणाऱ्यांसाठी तोच पास २५० डॉलर. आणि पास नसेल तर ११ गर्दीच्या पार्कांमध्ये बाहेरच्या प्रत्येक माणसाला नेहमीच्या प्रवेश फीवर आणखी १०० डॉलर, १६ वर्षांखालची मुलं सोडून. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही त्या ११ मध्ये आहेत.

आता तुझा हिशोब कर. मोठी माणसं तीन. एका पार्कला ३०० अधिक गाडीचे ३५, म्हणजे ३३५. तीन पार्कांचे १००५ डॉलर. त्यापेक्षा २५० चा एक पास, एका गाडीत बसलेले सगळे त्यावर आत जातात, तर डोळे मिटून पास घे. ज्याच्या नावावर पास त्याचा फोटो असलेला पुरावा गेटवर जवळ ठेवायचा, पासपोर्ट चालतो. फक्त हे लक्षात घे की अँटिलोप कॅन्यन हे नॅशनल पार्क नाही, ती नवाहो लोकांची जमीन आहे, तिथे त्यांच्याच गाइडबरोबर टूर घेऊन जावं लागतं आणि पैसे वेगळे. हॉर्सशू बेंडला पार्किंगचे वेगळे.

डोंगरवेडा

आणखी एक गोष्ट यातच सांगून टाकतो कारण आमचं यात नुकसान झालंय. व्हेगासमधून 'ग्रँड कॅन्यन एका दिवसात' अशा ज्या टूर्स मिळतात त्यातल्या बऱ्याच वेस्ट रिमला नेतात, जिथे काचेचा स्कायवॉक आहे. ती ह्वालापाई जमातीची जागा आहे, नॅशनल पार्क नाही, पार्कचा पास तिथे चालत नाही. जागा वाईट नाही, व्हेगासहून अडीच तासच आहे, पण जो ग्रँड कॅन्यन आपल्या डोळ्यांसमोर असतो तो साउथ रिम. माझ्या आई-बाबांना मी चुकून वेस्ट रिमला नेलं आणि बाबा परत येईपर्यंत विचारत होते की तो मोठा व्ह्यू कुठे आहे. अजून मनाला लागतं.

आणि नॉर्थ रिम साउथ रिमच्या समोर दिसतो म्हणून कोणी प्लॅनमध्ये घालू नका. सरळ रेषेत १६ किमी, गाडीने ३४५. तिथलं जुनं लॉज तर २०२५ च्या जुलैमधल्या वणव्यात जळून गेलं.

वाटसरू

व्हेगास आधी की शेवटी, तर माझं मत शेवटी. सुरुवातीला फक्त एक रात्र, आणि सगळं शहर शेवटी. कारण भारतातून आलं की साडेबारा तासांचा फरक असतो, पहिले चार-पाच दिवस पहाटे तीनला डोळे उघडतात आणि रात्री आठला मान पडते. व्हेगास हे रात्रीचं शहर आहे, तिथे जेटलॅग घेऊन गेलात तर दिवे लागायच्या वेळी मुलं झोपलेली असतात. उलट पार्कांत पहाटे उठणारा राजा. झायनच्या शटलची पहिली बस, ब्राइसचा सूर्योदय, सगळं आपोआप मिळतं.

निशिगंध

इथे मी असहमत. वाटसरू, तुमचं सगळं पटतं पण तुम्ही एकटे ड्रायव्हर असाल तर विचार करा, २० तासांहून जास्त प्रवास करून आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी सकाळी उजव्या बाजूने हायवेवर १२० च्या स्पीडने अडीच तास चालवणार? तेही मागे सासूबाई आणि मुलं. माझ्या नवऱ्याला अशाच दुसऱ्या दिवशी दुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागली होती, रस्त्याच्या कडेला जे खडखडाट करणारे पट्टे असतात त्यांच्यावर चाक गेलं म्हणून जागा झाला. काही झालं नाही. पण तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

म्हणून दोन रात्री आधी. शहर बघायचं म्हणून नाही, झोपायचं म्हणून. पहिल्या दिवशी गाडी घेऊच नका, विमानतळ शहरातच आहे, टॅक्सीने हॉटेलवर जा. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घ्या, तासभर रिकाम्या रस्त्यांवर सराव करा, किराणा घ्या. तिसऱ्या दिवशी निघा. आणि शेवटी पुन्हा दोन रात्री, त्या शहरासाठी.

वाटसरू

निशिगंध, मान्य. एकट्या ड्रायव्हरचा मुद्दा मी पुरेसा धरला नव्हता. दोन आधी, दोन नंतर, हेच बरोबर.

रानपाखरू

+१. आणि दोन तुकडे केले की वारांचंही गणित जमवता येतं. व्हेगासची हॉटेलं रविवार ते गुरुवार स्वस्त असतात, शुक्रवार-शनिवार भाव कितीतरी वर जातात. वेबसाइटवर दिसणाऱ्या भाड्यावर बऱ्याच ठिकाणी रोजची रिसॉर्ट फी असते, पार्किंगही वेगळं, तेव्हा शेवटचा आकडा बघूनच तुलना करा. ओंजळ, तुम्ही कुठल्या वारी उतरताय?

ओंजळ

सोमवारी उतरतोय आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी निघतोय! म्हणजे सोम-मंगळ व्हेगास, बुध-गुरू-शुक्र झायन, शनि ब्राइस, रवि पेज, सोम-मंगळ ग्रँड कॅन्यन, बुध-गुरू व्हेगास. मोजून ११ रात्री. व्हेगासच्या चारही रात्री आठवड्याच्या मधल्या. हे बघून मला इतका आनंद झालाय की काय सांगू. पण झायनला तीन रात्री जास्त होत नाहीत ना? आणि मुलांना घेऊन व्हेगासला जाताय म्हटल्यावर माझी जाऊ म्हणाली तिथे मुलांचं काय काम.

मोगरा

झायनला तीन जास्त नाहीत. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत मुख्य दरीत आपली गाडी नेता येत नाही, शटल बस पकडावी लागते, आणि तेच उत्तम आहे कारण नवऱ्यालाही वर बघता येतं. शटल फुकट आहे, बुकिंग लागत नाही. स्प्रिंगडेल गावातही वेगळी शटल फिरते, गाडी हॉटेलवरच ठेवा, पार्कचं पार्किंग सकाळी लवकर भरतं. आईंना शेवटच्या स्टॉपवरचा रिव्हरसाइड वॉक नक्की, नदीच्या कडेने पक्की वाट, जाऊन-येऊन साडेतीन किमी, दमल्या तर कुठूनही परत फिरता येतं. ती वाट संपते तिथे नॅरोज सुरू होतं, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालायचं. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी वाढलं की ते बंद ठेवतात, तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेव. एंजल्स लँडिंगला २०२२ पासून लॉटरीचं परमिट लागतं, सात वर्षांच्या मुलाला घेऊन तिकडे जाऊच नकोस, वर साखळी धरून कड्यावरून जायचं असतं.

निशिगंध

व्हेगासमध्ये मुलांचं काम आहे! कॅसिनो नसलेली हॉटेलंही आहेत, तीच घ्या, सिगरेटचा वास नाही आणि खोलीत छोटं किचन मिळतं. २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोच्या मजल्यावर रेंगाळता येत नाही, फक्त चालत पलीकडे जाता येतं. बेलाजिओची कारंजी फुकट, संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी. एक सकाळ हूवर धरणाला द्या, पाऊण तासावर आहे, ७२६ फूट उंच, १९३० च्या दशकात बांधलेलं. शेजारच्या उंच पुलावर पायी जाता येतं आणि तिथून धरण समोर दिसतं. इंजिनिअर नवरा असेल तर त्याला तिथून हलवावं लागतं.

मुलगा ७ चा आहे तर बूस्टर सीट लागेल. नेवाडात सहा वर्षांखाली सक्ती आहे पण युटा आणि अ‍ॅरिझोनात आठ वर्षांखाली. भाड्याने घेऊ नका, रोजचं भाडं धरलं तर कुठल्याही मोठ्या दुकानात नवीन बूस्टर त्यापेक्षा स्वस्त मिळतो. नवऱ्याचा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून ठेवा, एक वर्ष चालतो, मूळ लायसन्सही बरोबर लागतं.

डोंगरवेडा

वेळेचा घोळ लक्षात ठेवा, यात टूर चुकतात. युटा नेवाडापेक्षा एक तास पुढे. म्हणजे झायनला जाताना एक तास गेला. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणून मे मध्ये अ‍ॅरिझोना आणि नेवाडाची वेळ एकच. पण नवाहो नेशनमध्ये घड्याळ पुढे करतात! पेज गाव अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर चालतं, पण फोन आजूबाजूच्या टॉवरवरून कधी युटाची वेळ दाखवतो कधी अ‍ॅरिझोनाची. टूरच्या आदल्या रात्री फोनची ऑटोमॅटिक वेळ बंद करून फिनिक्सची (म्हणजे अ‍ॅरिझोनाची) वेळ लावून झोपा.

आणि अँटिलोपचे अप्पर, लोअर असे भाग असतात. लोअरमध्ये लोखंडी उभे जिने आहेत, आईंना तिथे नेऊ नका.

ओंजळ

आई म्हणतेय अँटिलोप तुम्ही जा, मी पेजला खोलीवर तळ्याकडे तोंड करून बसते. मला आधी वाईट वाटलं पण मग वाटलं तिचं तिला ठरवू दे.

ग्रँड कॅन्यनच्या आतलं लॉज नाही मिळालं, सगळं फुल. आतली लॉजेस १३ महिने आधी बुकिंगला उघडतात हे मला आत्ता कळलं. टुसायनमध्ये खोली मिळाली, गेटच्या बाहेरच. खाण्याचं काय करता? आई आणि मी शाकाहारी.

मोगरा

व्हेगासमध्येच सगळा किराणा भर, स्प्रिंगडेलला दुकानं छोटी आणि महाग. एक थर्माकोलचा कूलर घे, मोटेलमध्ये बर्फाचं मशीन असतं, रोज सकाळी भरायचा, दही-दूध-फळं टिकतात. घरून थेपले, मेतकूट, उपम्याचं आणि पोह्यांचं इन्स्टंट पाकीट, एक छोटा इलेक्ट्रिक कुकर (तिथला व्होल्टेज ११०-१२० आहे, कुकरवर लिहिलेलं बघून घे, नाहीतर तिथेच घे). ताजी फळं, भाज्या, बिया विमानातून नेऊ नकोस, आणि जे खायचं नेशील ते कस्टम्सच्या फॉर्मवर आणि विचारलं तर तोंडी सरळ सांग, सांगितलं की त्रास होत नाही.

व्हॅसलीन विसरू नकोस. हवा इतकी कोरडी असते की मुलांच्या नाकातून रक्त येतं, घाबरायचं नाही, रात्री व्हॅसलीनचं बोट नाकपुडीत फिरवायचं. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. पेट्रोल अर्धी टाकी झाली की भरायचं, पेज ते ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर पंप मोजकेच आहेत. नकाशे आधी डाउनलोड करून ठेवा, मध्ये तासन् तास नेटवर्क नसतं.

ओंजळ

मंडळी, परत आलो! येऊन आठ दिवस झाले, आता जरा ताळ्यावर आलेय. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या दोन रात्री झोपण्यात गेल्या आणि निशिगंध, तुला मनापासून धन्यवाद. पहाटे साडेतीनला पाचही जण जागे, आईने कुकरवर उपमा केला आणि आम्ही खिडकीतून व्हेगासचे दिवे बघत खाल्ला. गाडी घेताना काउंटरवरच्या माणसाने आम्ही न मागितलेला विमा घालून बिल केलं होतं, नवऱ्याने सही करायच्या आधी ओळ-ओळ वाचलं म्हणून निघालं. सगळ्यांनी वाचा, घाईत सही करू नका.

झायनच्या तीन रात्रींपैकी एकही जास्त झाली नाही. पहिल्या शटलने गेलो, बस दरीत शिरली तेव्हा खाली अजून सावली आणि वरच्या कड्यांवर तांबडं ऊन, आणि कोणी काही बोललंच नाही, सातवर्षीयसुद्धा गप्प. रिव्हरसाइड वॉक आईने पूर्ण केला. वाट संपते तिथे तिने चपला काढून पाण्यात पाय घातले, इतकं गार की लगेच बाहेर, मग पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वर चढायला गेलो तेव्हा ती आणि मुलगा झायन लॉजसमोरच्या हिरवळीवर थांबले. तिथे एक प्रचंड मोठं कॉटनवुडचं झाड आहे, त्याचा कापूस उडत होता, अगदी आपल्या सावरीसारखा, गवतावर पांढरा थर. आम्ही तीन तासांनी परत आलो तर दोघांनी कापसाची उशी करायला घेतली होती. पार्कातून काही न्यायचं नसतं हे मुलाला माहीत होतं म्हणून निघताना त्याने सगळा कापूस परत झाडाखाली ठेवला.

हे त्याला कसं माहीत, तर ज्युनिअर रेंजर! हे इथे कोणीच लिहिलं नव्हतं म्हणून मी लिहिते. प्रत्येक पार्कच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मुलांसाठी पुस्तिका मिळते, त्यात चित्रं, कोडी, काय काय शोधायचं ते. भरून रेंजरकडे नेली की तो तपासतो, प्रश्न विचारतो आणि मुलाला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतो. मग बिल्ला मिळतो. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी इंग्रजीत पाच मिनिटं बोलणं केलं ते तिथे. शपथ घेताना त्याचा हात इतका ताठ होता की कोपर थरथरत होतं. तिन्ही पार्कांचे बिल्ले आता दप्तराला लावलेत.

ब्राइसला एक रात्र, तीही पुरली. सूर्योदयाला जॅकेट, कानटोपी, वर हॉटेलचं ब्लँकेट. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट वाट पक्की आणि बरीचशी सपाट, आई सावकाश चालली, धाप लागली तिथे बसली. ते दगडी सुळके नदीने कोरलेले नाहीत, दिवसा भेगांत पाणी शिरतं आणि रात्री त्याचा बर्फ होऊन दगड फुटतो, वर्षातून २०० च्या आसपास रात्री असं होतं. मुलीने हे वाचलं आणि पहाटे एका दगडाच्या खाचेत बर्फाची पातळ काच सापडली ती आईला बोटाने दाखवली, म्हणाली आजी, हे आत्ता चालू आहे. पुस्तकातली भूगोलाची ओळ हाताला लागली तिच्या.

पेजला घड्याळाचा घोळ झालाच. नवऱ्याचा फोन एक सांगतोय, माझा दुसरंच. डोंगरवेडा यांनी सांगितल्याप्रमाणे फिनिक्सची वेळ लावली होती म्हणून टूर वेळेवर मिळाली, आमच्या मागचं कुटुंब एक तास आधी येऊन उन्हात बसलेलं.

ग्रँड कॅन्यनला आम्ही पेजहून डेझर्ट व्ह्यूच्या (पूर्वेकडच्या) दारानेच शिरलो, हे फार बरं झालं, पहिला व्ह्यू गर्दीशिवाय मिळाला. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि नुसती बघत होती, मी विचारलं कसं वाटतंय तर म्हणाली, थांब, अजून बघू दे. दुसऱ्या दिवशी रिमवरचा ट्रेल ऑफ टाइम केला. पक्की सपाट वाट, प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, कडेला दरीतल्या त्या-त्या वयाचे खडक ठेवलेत, हात लावता येतो. सगळ्यात जुने १८० कोटी वर्षांच्या आसपासचे. आई प्रत्येक खडकाला हात लावून नमस्कार करत चालली होती आणि तिच्या मागे एक परदेशी आजीही हात लावायला लागल्या. आणि कॉन्डोर दिसला! पंखावर नंबरची पट्टी, गिधाडापेक्षाही मोठा, आमच्या पायाखालच्या दरीतून वर आला. रेंजर म्हणाली १९८० च्या दशकात जगात फक्त २२ उरले होते, सगळे पकडून पिल्लं वाढवून मग पुन्हा सोडले.

शेवटच्या दोन रात्री व्हेगास. नवऱ्याला हूवर धरणावरून खरंच हलवावं लागलं. रात्री कारंजी बघितली, तोपर्यंत जेटलॅग गेला होता म्हणून मुलं अकरापर्यंत जागी.

एकच गोष्ट बदलेन, ग्रँड कॅन्यनला तिसरी रात्र हवी होती, आणि त्यासाठी पेज गाळलं असतं.

वाटसरू

ताई, वाचून फार बरं वाटलं. आजींचं 'थांब, अजून बघू दे' हे घरात वाचून दाखवलं.

केवडा

अतिशय उपयोगी धागा. आम्ही पुढच्या मे मध्ये जातोय, वडील ७४ चे आहेत, व्हीलचेअर लागते. ओंजळ, त्यांना यातलं काय जमेल?

ओंजळ

केवडा, झायनची शटल जमेल, सगळ्या बसेस व्हीलचेअरसाठी सोयीच्या आहेत, ड्रायव्हर रॅम्प लावून देतो. रिव्हरसाइड वॉकचा सुरुवातीचा भाग होतो, पुढे चढ आहेत तिथे ढकलणारा दणकट हवा. त्यापेक्षा पारुस ट्रेल बघ, व्हिजिटर सेंटरपासूनच निघते, रुंद, पक्की, नदीच्या काठाने. ब्राइसला सनराइज ते सनसेटचा तुकडा. ग्रँड कॅन्यनला मात्र दोन नाही, तीन रात्री घे, ट्रेल ऑफ टाइम रिमवरच्या जिऑलॉजी म्युझियमच्या बाजूने सुरू कर आणि सकाळी आठच्या आत जा, वाट मोकळी असते आणि वडिलांना कठड्याशी हवा तेवढा वेळ थांबता येतं. आमच्या खोल्यांची आणि जेवणाची यादी टाकते उद्या, आईने वहीत लिहून ठेवलीय.